सेवेला हंगेरीला जायचंय? मग हंगेरियन मराठीतून शिका

हंगेरीला सेवेला (म्हणजे ख्रिस्ती मंडळीच्या, चर्चच्या कामाला) जायचं ठरलं की पहिल्या रात्री सगळे एकच करतात, मीपण तेच केलं, मोबाईलवर हंगेरियन भाषा म्हणून सर्च केलं आणि झोप घालवून बसले. जिकडंतिकडं तेच, जगातल्या अवघड भाषा, अठरा विभक्त्या, आणि तो अमेरिकेचा आकडा. त्यांच्या परराष्ट्र खात्याची एक संस्था आहे, बाहेरच्या देशात नेमणूक होणाऱ्यांना भाषा शिकवते, ती म्हणते हंगेरियनला साधारण ११०० तास वर्गात बसावं लागतं. आमचं ट्रेनिंग सहा महिन्यांचं, भाषेला रोज तीन तास, रविवारी सुट्टी. रात्री दोन वाजता कॅल्क्युलेटर काढून बघितलं, पाचशेच्या आतच येतंय.

पण तो हिशोब कुणाचा आहे ते कुणी बघत नाही. तो ज्यांची मातृभाषा इंग्लिश आहे त्यांचा आहे. आपण सोलापूरचे, घरात मराठी, गल्लीत कानडी, पूर्व भागात गेलं की तेलुगू, दुकानात दखनी, हे सगळं ऐकतच मोठे झालो, आपल्याला शब्दाच्या मागं प्रत्यय लागतो याचं कसलं आलंय नवल. मला आता पाच महिने झाले आणि माझं म्हणणं एकच आहे, हंगेरियन इंग्लिशमधून शिकू नका. पुस्तक इंग्लिशमध्ये असेल, ॲप इंग्लिशमध्ये असेल, असू दे, दुसरं मिळतच नाही. पण वही मराठीत ठेवा आणि डोक्यात तुलना मराठीशी करा. निम्मं भूत तिथंच उतरतं.

आता कसं ते सांगते, आठवेल तसं.

पहिला आठवडा फक्त तोंड

व्याकरणाचं पुस्तक उघडूच नका. हंगेरियन बरीचशी लिहितात तशीच वाचतात, आपल्यासारखीच, इंग्लिशसारखी स्पेलिंगची लबाडी नाही. लिपी रोमन आहे पण अक्षरं ४४ मोजतात, कारण कुठं दोन अक्षरं मिळून एक अक्षर धरतात, एका ठिकाणी तर तीन मिळून. आणि डोक्यात बसलेलं इंग्लिश इथंच घात करतं. नुसता एस दिसला की आपण स म्हणतो, तिथं तो श आहे. स पाहिजे असेल तर एस आणि झेड जोडून लिहितात. म्हणून ते शहर बुडापेस्ट नाही, बुदॉपॅश्त. शो म्हणजे मीठ आणि सो म्हणजे शब्द, उलटं झालं की जेवताना तुम्ही शब्द मागताय.

वहीच्या पहिल्या पानावर त्यांची अक्षरं आणि समोर देवनागरी असा तक्ता करा. आणि इथं आपली मजा बघा. मराठीत च दोन आहेत, चोरातला आणि चिमणीतला, लिहायला एकच पण बोलताना कुणी चुकत नाही. हंगेरियनमध्ये नुसता सी म्हणजे चोरातला च, आणि सी-एस म्हणजे चिमणीतला. साखरेला ते जे म्हणतात ते मी वहीत चुकोर लिहिलंय आणि कंसात चूल, संपलं. इंग्लिश पुस्तकात याच्यावर अर्धं पान खर्च केलंय. जी-वाय म्हणजे विद्या मधला द्य, म्हणून हंगेरियन माणूस स्वतःला मग्यार नाही, मॉद्यॉर म्हणतो. टी-वाय सत्य मधला त्य, एन-वाय अन्याय मधला न्य. एल-वाय दिसला की एल विसरायचा, नुसता य.

त्रास आहे तो स्वरांचा. साधा ए हा आ नसतो, ओठ गोल करून ऑ सारखा काढायचा, आणि डोक्यावर रेघ असली की मग आपला मोकळा आ. ई अक्षराचं पण तसंच, रेघ नसेल तर ॲ, रेघ असेल तर ए. याच्यात हयगय चालत नाही. कॅरॅक म्हणजे गोल, कॅरेक म्हणजे चाक, केरॅक म्हणजे मला हवंय, द्या. तिन्ही आपल्या कानाला सुरुवातीला एकच वाटतात. शिवाय दोन स्वर आपल्याकडं नाहीतच, डोक्यावर दोन टिंबं असलेला ओ आणि यू. युक्ती अशी की तोंडातल्या तोंडात ई म्हणत राहायचं आणि ओठ तेवढे शिट्टी मारल्यासारखे करायचे, जीभ हलवायची नाही. ए म्हणत तेच केलं की दुसरा. मी हे स्कूटीवर करते, सात रस्त्याच्या सिग्नलला उभं राहून, उन्हाळ्यात तोंडाला स्कार्फ असतोच त्यामुळं कुणाला काही दिसत नाही.

आणि जोर कायम पहिल्या अक्षरावर, शब्द कितीही लांब असू दे.

मि, ते, ति आणि आत्या

हे आधीच सांगून ठेवते कारण कुठल्याच पुस्तकात नाही, मराठी माणसालाच हा खड्डा आहे. त्यांचा मि म्हणजे आम्ही. ते (नीट म्हटलं तर तॅ) म्हणजे तू. ति म्हणजे तुम्ही सगळे. मी ला एन म्हणतात. पहिले पंधरा दिवस मी स्वतःबद्दल बोलायला तोंड उघडलं की आम्ही निघायचं, टीचर विचारायच्या तुझ्यासोबत अजून कोण आहे. मोश्त म्हणजे मस्त नाही, आत्ता. उलट हित म्हणजे विश्वास, श्रद्धा, हा मात्र एकदा ऐकला की विसरत नाही.

आणि सगळ्यात मोठा घोटाळा प्रभूच्या प्रार्थनेत. बापाला, म्हणजे स्वर्गातल्या पित्याला, ऑत्यॉ म्हणतात. आमचा पिता झालं की ऑत्यान्क. पहिल्या दिवशी सगळ्यांनी डोळे मिटून सुरू केलं, मि ऑत्यान्क, आणि माझ्या डोळ्यासमोर माझी अक्कलकोटची आत्या, पदर खोचून, हातात लाटणं. मला हसू आवरेना, शेजारची पण हसायला लागली, प्रार्थना मध्येच थांबली. घरी हे सांगितलं तर बाबा म्हणाले आत्याला सांगू नको, ती आधीच स्वतःला कमी समजत नाही.

प्रत्ययाला घाबरू नका, सामान्यरूप आठवा

तॅम्प्लोम म्हणजे चर्च (देवळालापण तेच). तॅम्प्लोमबॉन म्हणजे चर्चमध्ये. हाझ म्हणजे घर, हाझबॉन म्हणजे घरात. इंग्लिशवाल्याला हे विचित्र वाटतं कारण त्याचं सगळं शब्दाच्या पुढं येतं, आपण तर घरात, घरातून, घराला, घरापर्यंत असंच बोलतो. अठरा विभक्त्या म्हणजे काय, आपण वर, खाली, पाशी, पर्यंत, कडे हे सगळं मोजायला बसलो तर अठराच्या पुढं जाऊ, फक्त आपण त्याला शब्दयोगी अव्यय म्हणून शाळेत सोडून दिलं.

अजून एक, आपलं सामान्यरूप. घोडा या शब्दाला ला लावला की घोडाला होत नाही, घोड्याला होतं. त्यांचंपण तसंच, घोडा म्हणजे लो, आणि कर्माचा प्रत्यय लागला की लोवॉत. पाणी म्हणजे वीझ पण मागताना विझॅत, ई आखूड झाला. सफरचंद ऑल्मॉ, त्याचं ऑल्मात. इंग्लिश पुस्तकात याला अनियमित शब्दांची यादी म्हणून तीन पानं आहेत, मी त्यांच्यावर पेन्सिलनं मोठं सामान्यरूप असं लिहिलं आणि पुढं गेले. पाठ करावं लागतंच, पण का होतंय हा प्रश्न डोक्यात अडकत नाही.

एका ठिकाणी मात्र मराठी दगा देते. आपण घरात आहे आणि घरात जाते, दोन्हीकडं घरातच म्हणतो. ते नाही म्हणत. आत असलं तर हाझबॉन, आत जात असलं तर हाझबॉ, शेवटचा न गायब. बाहेर येताना हाझबोल. वर असणं, वर जाणं, वरून येणं, परत तीन. जवळ असणं, जवळ जाणं, जवळून येणं, अजून तीन. नऊ घरांचा तक्ता करून भिंतीला लावा. मी अजून चुकते, तॅम्प्लोमबॉन जाते असं म्हणते, टीचर म्हणतात अगं तू आतच आहेस की मग जातेस कुठं.

आणि शहरांची एक गंमत. परदेशातल्या गावांना ते मध्ये लावतात, सोलापुरबॉन, सोलापुरात. पण स्वतःच्या बहुतेक गावांना वर लावतात, बुदॉपॅश्तॅन, म्हणजे बुडापेस्टवर. स्वतःच्या देशालापण वर. आणि त्यांचंच डॅब्रॅत्सॅन मात्र मध्ये, त्याला कारण विचारू नका, मी विचारलं, टीचर हसल्या.

स्वरांची जुळणी मला कुणी शिकवली ते सांगते. बहुतेक प्रत्ययांची निदान दोन रूपं असतात, बॉन आणि बॅन, नॉक आणि नॅक, रॉ आणि रॅ. शब्दात ऑ, आ, ओ, उ असतील तर पहिलं, ॲ, ए असतील तर दुसरं. हाझबॉन, पण बाग म्हणजे कॅर्त, तर कॅर्तबॅन. मी हे नियम म्हणून पाठ करत बसले होते आणि माझी जोडीदार (आमच्यात दोघी-दोघींच्या जोड्या असतात, अभ्यास, प्रार्थना, भेटी सगळं जोडीनं) पूर्व भागातली, घरी तेलुगू, ती म्हणाली अगं यात काय, आमच्यात अण्णाला म्हणायचं तर अण्णकु आणि घराला म्हणायचं तर इंटिकि, आधीचा इ बघून कु चा कि होतो, कुणी शिकवतं का ते. तिला तो सगळा धडा दहा मिनिटात झाला. मला चार दिवस लागले. तेव्हा तुमच्या बॅचमध्ये तेलुगू घरातलं कुणी असेल तर त्याच्या शेजारी बसा.

क्रियापद कर्माकडं बघतं

हा भाग खरंच अवघड आहे, खोटं कशाला बोलू. मी वाचते हे हंगेरियनमध्ये दोन प्रकारे म्हणतात. नुसतं काहीतरी वाचते, तर ओल्वॉशोक. ठरावीक गोष्ट वाचते, समजा बायबल, तर ओल्वॉशोम ऑ बिब्लियात. शेवट बदलला. पाणी द्या असं हॉटेलात म्हणायचं तर विझॅत केरॅक, पण टेबलावरचं ते पाणी द्या म्हणायचं तर केरॅम ऑ विझॅत.

इंग्लिशमधून विचार केला तर डोकं फुटतं. मराठीतून बघा. मी भाकरी खाल्ली, मी आंबा खाल्ला, मी पोहे खाल्ले, खाणारी मीच पण क्रियापद बघतंय ताटाकडं. आपल्याला ही सवय आहेच की क्रियापद कर्माकडं मान वळवतं. आपलं कर्माचं लिंग-वचन बघतं, त्यांचं बघतं की गोष्ट ठरलेली आहे का कुठलीपण. एवढा एक पूल मिळाला की पाय ठेवायला जागा होते, बाकी सरावच. आणि मी तुला असं असेल तर त्याला तिसरंच शेपूट आहे, सॅरॅत्लॅक, मी तुझ्यावर प्रेम करते, अख्खं वाक्य एका शब्दात. सुरुवातीला हे कुणालापण म्हणत सुटू नका, आमच्यातली एक चर्चच्या भाषेत म्हणते म्हणून ऑनलाईन एका तरुण भावाला म्हणाली होती, नंतर दोन दिवस तिनं कॅमेरा बंद ठेवला.

खाल्लं आणि खाऊन टाकलं यातला फरक पण आहे त्यांच्याकडं, ॲत्तॅम आणि मॅगॅत्तॅम, पुढं मॅग लागलं की काम पुरं झालं. आणि सुखाच्या गोष्टी, लिंग नाही. तो, ती एकच शब्द. टेबल तो का ते, खुर्ची ती का, काही नाही. आणि मला दोन भाऊ आहेत हे ते आपल्यासारखंच आहे लावून म्हणतात, इंग्लिशसारखं भाऊ बाळगत नाहीत. आकडे तर आपल्यापेक्षा सोपे, अकरा म्हणजे दहावर एक, एकवीस म्हणजे विसावर एक. आपल्या एकोणसाठ-एकोणसत्तरचं त्यांना कुणी सांगू नये.

मान द्यायची पद्धत

इथं आपण घरच्यासारखे. तू ला ते, मानाला ओन सारखा एक शब्द (तो दोन टिंबांचा ओ), आणि मानाच्या शब्दाला क्रियापद तृतीय पुरुषी लागतं. कसा आहेस, होद्य वॉद्य. कसे आहात, होद्य वॉन. मोठ्या माणसाला चुकून वॉद्य म्हणू नका, आपल्याकडं कुणी पोरानं शेजारच्या काकांना तू म्हटल्यावर जे होतं तेच होतं, फक्त ते तोंडावर बोलून दाखवत नाहीत. वयस्कर माणसाच्या नावामागं बाची लावतात, बाईच्या नावामागं नेनि, म्हणजे आपले काका आणि काकू. लहान मुलं मोठ्यांना चोकोलोम म्हणतात, शब्दशः हाताचा मुका घेतो, आपल्या पाया पडतो सारखं. तुम्ही म्हणायची गरज नाही, पण मुलानं तुम्हाला म्हटलं तर दचकू नका. थोरल्या-धाकट्या भावाला वेगळे शब्द आहेत, थोरल्या-धाकट्या बहिणीलापण. नाव लिहिताना आडनाव आधी, आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं.

आणि देवाला तू. हे मला फार आवडलं. बाहेर सगळ्यांना मानानं बोलतात आणि प्रार्थनेत तुझं नाव, तुझं राज्य, आपल्यासारखंच.

घड्याळ (माझी फजिती)

तिथल्या एका मंडळीची ऑनलाईन प्रार्थना असते, टीचरनी सांगितलं फेल हॉत. फेल म्हणजे अर्धा, हॉत म्हणजे सहा, मी म्हटलं साडेसहा. नोव्हेंबर होता, तेव्हा आपण त्यांच्या साडेचार तास पुढं, म्हणजे आपले रात्रीचे अकरा. मी ओढणी-बिढणी नीट घेऊन अकराला जॉईन झाले तर सगळे गेलेले. एक नेनि तेवढ्या स्क्रीनवर, चष्मा कपाळावर, त्यांना मीटिंग बंद करायचं बटण सापडत नव्हतं.

फेल हॉत म्हणजे साडेपाच. सहावा तास चालू आहे आणि त्यातला अर्धा झालाय, असा त्यांचा विचार. सव्वापाचला सहाचा एक पाव, पावणेसहाला सहाचे तीन पाव. आपलं पावणेसहा तरी सहाकडं बघून आहे, साडे आणि सव्वा मागच्या आकड्याकडं बघतात, तिथं फसतो आपण. मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांचं घड्याळ एक तास पुढं जातं, मग फरक साडेतीनच तास, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत साडेचार. कॅलेंडरवर आत्ताच लाल पेननं लिहून ठेवा.

मी त्या नेनिंना बोचानॉत म्हटलं, माफ करा, त्या म्हणाल्या नॅम बॉय, काही हरकत नाही, आणि विचारलं जेवलीस का, काय खाल्लंस. मी म्हटलं कॅन्यॅरॅत, भाकरी हो, दुसरा शब्दच नव्हता. त्या सावकाश बोलत होत्या, मला दहातले चार शब्द कळत होते. वीस मिनिटं बोललो. आता दर गुरुवारी बोलतो, आणि खरं सांगते, वर्गातल्या तीन तासांपेक्षा त्या वीस मिनिटात जास्त शिकते कारण तिथं मला परीक्षा नाही, त्यांना कुणीतरी ऐकायला पाहिजे असतं आणि मला ऐकायचं असतं. असं एक म्हातारं माणूस शोधा. तरुण लोक लगेच इंग्लिशवर येतात.

प्रार्थना आधी, साक्ष शेवटी

ट्रेनिंगमध्ये सगळ्यांना घाई असते साक्ष (आपण विश्वासात कसे आलो ते सांगणं) पाठ करायची. मी उलट सांगीन. प्रभूची प्रार्थना आधी घ्या, कारण अर्थ तुम्हाला आधीच पाठ आहे, प्रत्येक शब्द उघडून बघता येतो. स्वर्गात आहेस एवढ्या तुकड्यात बघा काय काय आहे, मॅन्न्य म्हणजे स्वर्ग, क लागून अनेकवचन, बॅन म्हणजे मध्ये, वॉद्य म्हणजे तू आहेस. रोजची भाकर या ओळीत कॅन्येर आहे, आणि आमची हा प्रत्यय लागला की त्यातला ए आखूड होतो, परत सामान्यरूप. एक ओळ दोन दिवस घ्या. बारा-तेरा दिवसात अर्धं व्याकरण डोळ्याखालून जातं.

मग रोजचे शब्द. प्रार्थना इमॉ, देव इश्तॅन, येशू येझुश, कृपा कॅद्यॅलॅम, पाळक लॅल्केस. मंडळीत एकमेकांना तॅश्त्वेर म्हणतात, बंधू पण तोच, भगिनी पण तोच, तॅश्त म्हणजे शरीर आणि वेर म्हणजे रक्त. रिफॉर्म्ड (म्हणजे कॅल्विनपंथी प्रॉटेस्टंट) मंडळीत भेटल्यावर आल्दाश, बेकॅश्शेग म्हणतात, आशीर्वाद, शांती. कॅथलिकांमध्ये दिचेर्तॅश्शेक ऑ येझुश क्रिस्तुश, म्हणजे आपली प्रभूची स्तुती असो. कुणाला काय म्हणायचं ते आधी विचारून घ्या.

आणि एक जरा कडू. आपण तिथं येशू कोण हे पहिल्यांदा सांगायला चाललोय असं कुणाच्या डोक्यात असेल तर काढून टाका. कारोलि गाश्पार यांनी केलेलं पूर्ण हंगेरियन बायबल विझोय नावाच्या गावात १५९० मध्ये छापून झालं (शेवटी एल-वाय आहे, म्हणून विझोय). डॅब्रॅत्सॅनला कॅल्विनपंथीयांचं रोम म्हणतात. तिथल्या आजीला तिच्या भाषेतलं वचन तुमच्यापेक्षा जास्त पाठ आहे. तुम्ही आधी तिचं ऐकायचं, म्हणून साक्षीपेक्षा आधी प्रश्न विचारायला शिका. साक्ष पाचव्या महिन्यात लिहा, मराठीत लिहा, आठ-दहा वाक्यं, जेवढे प्रत्यय येतात तेवढ्यातच बसवा. आमच्यातल्या एकानं इंग्लिशमध्ये दोन पानं लिहून मोबाईलकडून भाषांतर करून पाठ केली, छान म्हणतो, पण मध्येच कुणी काही विचारलं की पहिल्यापासून सुरू करतो.

रोजचं

पहाटे साडेपाचला उठतो, पण नळाला पाणी यायचा दिवस असला की त्याच्याही आधी, घागरी भरता भरता आकडे म्हणायचे, एका घागरीला एक आकडा. सकाळी नवीन शब्द वीसच, त्याच्यावर नाही. पन्नास करणारे शुक्रवारपर्यंत शून्यावर येतात, बघितलंय. दुपारी ऑनलाईन वर्ग, कारण त्यांची सकाळ तेव्हा असते. संध्याकाळी जोडीनं पार्क चौकापर्यंत चालत जायचं आणि दिसेल त्याचं नाव घ्यायचं, चादरीच्या दुकानात उभं राहून रंग, किमती, मोठी-छोटी, दुकानदाराला वाटतं आम्ही गिऱ्हाईक आहोत, मग एखादा टॉवेल घ्यावा लागतो, माझ्याकडं आता सहा झालेत.

घरात चिठ्ठ्या लावा. मी मिठाच्या डब्यावर शो लावली, आजीनं विचारलं कसला शो, किती वाजता. आता तीच जेवताना शो दे म्हणते. ज्वारीच्या डब्यावर शब्दच मिळाला नाही मला लवकर, तर तिनं सांगितलं, राहू दे की, ज्वारी म्हणूनच सांग त्यांना.

कंटाळा येतो, चौथ्या महिन्यात हमखास येतो, काहीच येत नाही असं वाटतं. तेव्हा मी डॉ. कोटणीसांच्या स्मारकात जाऊन बसले होते. आपल्या सोलापूरचा माणूस, १९३८ ला चीनला गेला, चिनी शिकला, तिथल्या लोकांना त्यांच्याच भाषेत बोलून बरं केलं, १९४२ ला तिथंच गेला. आणि उलटं, हंगेरियन माणूस आपल्याकडं आलेला, चोमॉ शान्दोर, आपल्या लोकांचं मूळ शोधायला निघाला आणि लडाख-झांस्करच्या मठात थंडीत बसून तिबेटी शिकला, १८३४ मध्ये कलकत्त्यात त्याचा तिबेटी शब्दकोश छापला, १८४२ ला दार्जिलिंगमध्ये वारला. बरोबर शंभर वर्षांचं अंतर. दोघांकडं ॲप नव्हतं.

जायच्या आधीचं थोडं

व्हिसाचं तुमच्या मंडळीच्या माणसाकडून लेखी समजून घ्या, नव्वद दिवसांवर राहायचं असेल तर राहण्याची वेगळी परवानगी लागते, टुरिस्ट व्हिसावर जाऊन बघू असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. तिखटाची काळजी करू नका, सॅगॅद आणि कॉलोचॉ ही गावं मिरचीच्या पुडीसाठीच प्रसिद्ध आहेत, तरी शेंगाची चटणी नेणारच तुम्ही, मला माहितीय.

आणि ही दोन वाक्यं विमानात बसेपर्यंत झोपेत पण यायला पाहिजेत. नॅम एर्तॅम, मला कळलं नाही. लॉश्शॉब्बॉन, केरॅम, जरा सावकाश बोला. पाच महिन्यात मी बाकी सगळ्या वाक्यांपेक्षा हीच जास्त वापरलीत आणि अजून कुणी रागावलं नाही, उलट दुसऱ्यांदा सांगताना लोक हातवारे करून सांगतात, त्यात दोन शब्द फुकट मिळतात. ते लगेच लिहून ठेवायला वही बरोबर ठेवा. दोनशे पानीच घ्या, माझी शंभर पानी तिसऱ्या महिन्यात संपली.